दोरी बांधलेली नारिंगी खुर्ची

मित्रांनो, खुर्ची कशासाठी असते? प्रश्न सोपा आहे. बालवाडीतले मूलसुद्धा त्याचे उत्तर देईल. पण ज्या माणसाच्या तळघरात मी कित्येक हिवाळे काढले, त्या ओरेस्ट हावरिलुकला हा प्रश्न कधी पडलाच नाही. म्हणून आज मला तोंड उघडावे लागत आहे.

मी मेपलच्या लाकडाची आहे. माझे पाय बिडाचे आहेत आणि रंग नारिंगी. बसणारा उठला की माझी बैठक आपोआप वर जाते, म्हणजे रांगेतून लोकांना जाता यावे. ओरेस्टच्या तळघरात ती बैठक कायम वरच असे. माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत त्याने एक जाड दोरी बांधून ठेवली होती, संग्रहालयात राजाच्या सिंहासनाला बांधतात तशी. सिंहासन कसले आणि संग्रहालय कसले! माझ्या एका बाजूला कपडे धुण्याचे यंत्र होते आणि दुसऱ्या बाजूला बटाट्यांचे पोते.

पण मी पहिल्यापासून अशी बिनकामाची नव्हते. मी आणि माझ्या हजारो बहिणी एकाच कारखान्यात तयार झालो आणि मालगाडीतून मॅनिटोबा प्रांताच्या गव्हाच्या पट्ट्यात, फोर्ट ॲडेलीन नावाच्या शहरात आलो. तिथे नवे क्रीडागृह उभे राहत होते. आमच्याकडे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायांत पाती लावलेले बूट, हातात लांब काठी, आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. शहराने स्वतःचा व्यावसायिक संघ उभा केला होता. त्याचे नाव हिमघुबडं. मला गोलच्या मागच्या बाजूला, अगदी वरच्या रांगेत बसवले. स्वस्तातली जागा होती, पण तिथून सारे रिंगण ताटासारखे दिसे.

काय दिवस होते ते! बाहेर श्वास गोठायचा आणि आत लोक घामाघूम व्हायचे. माझ्यावर गव्हाच्या कोठारातले हमाल बसले, दवाखान्यातल्या नर्सबाया बसल्या. एक पाद्रीबुवा यायचे. ते पंचाला शिव्या देण्याआधी गळ्यातली पांढरी पट्टी काढून खिशात ठेवायचे आणि शिव्या संपल्या की परत लावायचे. माझ्यावर कॉफी सांडली, मोहरी सांडली, एकदा तर एका आजीबाईंचे कवळीचे दात पडले. मी कधी तक्रार केली नाही. बसणाऱ्याचे वजन झेलणे हेच माझे काम होते आणि ते मी मन लावून करत होते.

मग एका हिवाळ्यात हायस्कूलची ती पोरे येऊ लागली. ओरेस्ट माझ्यावर बसायचा. त्याच्या उजवीकडे त्याचा मित्र क्लिफर्ड, आणि डावीकडे वर्गातली मिर्ना. ओरेस्ट तेव्हा काडीसारखा होता. शाळेत त्याचे नाव कुणाला धड माहीत नव्हते. मास्तरसुद्धा त्याला त्याच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारायचे. पण शुक्रवारी संध्याकाळी माझ्यावर बसला की तो कुणीतरी असे. "दुशार्म, उजवीकडे दे! उजवीकडे रे!" असे तो ओरडायचा, आणि दुशार्मने खरोखरच उजवीकडे दिले की क्लिफर्डला कोपर मारून म्हणायचा, "बघ, ऐकलं त्यानं."

रोलाँ दुशार्म, म्हणजे सगळ्यांचा रोली, हा हिमघुबडांचा लाडका खेळाडू. आता ज्या गोलमुळे माझे डोके फिरायची वेळ आली, तो गोल याच रोलीचा.

त्या वर्षीच्या वसंतातला शेवटचा सामना होता. बरोबरी झालेली, वेळ संपत आलेली. रोलीची काठी मधोमध मोडली, तो तोल जाऊन एका गुडघ्यावर घसरत गेला आणि हातात उरलेल्या तुकड्याने त्याने चकती गोलात ढकलली. छप्पर उडेल असा आवाज झाला. अजूनही आमच्या शहरात केस पांढरे झालेली माणसे तो गोल सांगताना उभी राहतात.

आणि मित्रांनो, सगळ्यांत रंगवून तो सांगतो ओरेस्ट. गुडघा कसा घसरला, काठीची ढलपी कशी उडाली, गोलकीपरचे तोंड कसे उघडे पडले. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

फक्त एकच गोष्ट आहे. ओरेस्टने तो गोल पाहिलेला नाही!

मी सांगते ना. मी रिकामी होते. माझी बैठक वर होती. साहेब तेव्हा खाली काउंटरवर रांगेत उभे होते. हातात चिप्सचा कागदी कोन घेऊन तो धापा टाकत परत आला तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते. हे मला माहीत आहे आणि मिर्नाला माहीत आहे. क्लिफर्डला काहीच माहीत नाही, कारण तो तेव्हा पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईला मिठी मारून रडत होता.

त्याच उन्हाळ्यात संघाच्या मालकाने हिमघुबडं दक्षिणेतल्या एका शहराला विकून टाकली. तिथले लोक बर्फ फक्त सरबतात बघतात. त्याच उन्हाळ्यात ओरेस्टची शाळाही संपली. त्यामुळे त्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टींची कायमची गाठ बसली. संघ गेला म्हणून तारुण्य गेले, की तारुण्य गेले म्हणून संघ गेला, हे त्याला आजवर सांगता आलेले नाही. त्याने मिर्नाशी लग्न केले. घरोघरच्या, ऊब देणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा धंदा काढला, आणि आमच्या थंडीत भट्टीवाल्याला देवाइतका मान असतो. मिर्ना नर्स झाली. बऱ्याच वर्षांनी, आशा सोडल्यावर, त्यांना लारिसा झाली. इतके सगळे छान घडले. तरी विचाराल तर ओरेस्ट म्हणणार, "खरे दिवस ते हायस्कूलचे आणि हिमघुबडांचे."

क्रीडागृह पाडायचे ठरले तेव्हा तो पाना घेऊन आला आणि माझे बोल्ट स्वतः काढले. मला केवढा आनंद झाला होता! माझ्या बहिणी मोडीत निघाल्या, मला मात्र घर मिळाले. त्याने मला जाड फळीवर पक्के बसवले, पुसले, तेल लावले. आणि मग ती दोरी बांधली.

दर आठवड्याला क्लिफर्ड यायचा. दोघे बटाट्याच्या पोत्याशेजारी उलट्या बादल्यांवर बसायचे. होय, बादल्यांवर! मी समोर असताना!

"रोलीसारखा आता कोणी आहे का?" ओरेस्ट विचारायचा.

"नाव नको काढूस. आताची पोरं नाचतात नुसती."

"तो गोल आठवतो?"

"सांग ना पुन्हा. तू सांगतोस तसा कोणी सांगत नाही."

आणि पुन्हा गुडघा, पुन्हा ढलपी. मला कान झाकायला हात असूनही उपयोग नव्हता, त्यांना दोरी होती.

लारिसा हायस्कुलात गेली आणि शाळेच्या संघाची गोलकीपर झाली. सरावानंतर ती घामेजलेले कपडे धुवायला तळघरात यायची. एकदा पायांना बांधायचे जाड पॅड काढायला तिने सरळ दोरी वर सारली, बैठक खाली ओढली आणि माझ्यावर बसली. काय सांगू तुम्हाला! माझी स्प्रिंग सुखाने कुरकुरली. तेवढ्यात ओरेस्ट जिन्यावरून ओरडत खाली आला.

"ऊठ! ऊठ आधी! काय करतेस? ती खुर्ची आहे!"

"खुर्ची आहे म्हणूनच बसले ना, टाटो." लारिसा बापाला टाटो म्हणते.

"तिच्यावर बसत नाहीत गं."

"मग काय करतात तिचं? पूजा?"

ती उठली. जाता जाता म्हणाली, "शनिवारी आमची मॅच आहे. येशील?"

"येणार ना. सीझन संपायच्या आत नक्की येणार," असे म्हणत तो माझ्यावरचा ओला डाग फडक्याने पुसू लागला.

असे त्याने तिला पहिल्या वर्षी सांगितले. दुसऱ्या वर्षी सांगितले. तिसऱ्या वर्षी तिने विचारायचे कमी केले. दर वेळी काहीतरी निघायचे. कुणाची भट्टी बंद पडली, क्लिफर्डकडे जुन्या सामन्यांची टेप आली. आणि एकदा तो क्लिफर्डला काय म्हणाला ते मी या कानांनी ऐकले, "शाळेचं रिंगण म्हणजे पत्र्याची शेड रे. तिथे आपल्या जुन्या क्रीडागृहाचा तो वासच येत नाही." वास! घरात सतरा वर्षांची पोर रोज निळी-जांभळी होऊन येत होती आणि याला वासाची पडली होती. मला पाय असते तर मी स्वतः त्याला ढकलत नेले असते. आहेत म्हणा, पण बिडाचे.

शेवटी तो शनिवार आला. लारिसाचे शाळेचे शेवटचे वर्ष, आणि तिचा संघ अंतिम सामन्यात. त्याच संध्याकाळी क्लिफर्डने माजी सैनिकांच्या हॉलमध्ये हिमघुबडांचा मेळावा ठेवला होता. रोली दुशार्म स्वतः येणार होता. तारीख ठरवताना क्लिफर्डने शाळेचा सामना कधी आहे ते बघितले नाही, आणि ओरेस्टने बघूनही काही म्हटले नाही.

रोलीची सही माझ्या पाठीवर घ्यायची म्हणून ओरेस्टने मला अंगणात आणले आणि गाडीच्या मागच्या हौद्यात चढवू लागला. एवढ्यात मिर्ना दवाखान्याच्या गणवेशावर कोट चढवत बाहेर आली.

"कुठे निघालास?"

"तुला माहीत आहे की. रोली येतोय. रोली दुशार्म, मिर्ना!"

"आणि लारिसा?"

"तिला विचारलं मी. समजूतदार आहे पोर. जा टाटो, म्हणाली."

"जा म्हणाली, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून बसली. त्याला समजूतदारपणा म्हणतात का रे?"

ओरेस्ट मला दोरखंडाने आवळत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "असा दिवस पुन्हा येणार नाही गं."

"तेच म्हणतेय मी."

मिर्नाने हातमोजे चढवले, मोटारीच्या चाव्या काढल्या. मग थांबली.

"ओरेस्ट, तो गोल तू पाहिलेला नाहीस."

"कुठला गोल?"

"रोलीचा. तू खाली काउंटरवर होतास. मला चिप्स हवे होते, भरपूर व्हिनेगर मारून. परत आलास तेव्हा लोक नाचत होते आणि तू माझी बाही ओढत होतास, काय झालं, काय झालं म्हणून. मग मी सांगितलं. गुडघा, मोडकी काठी, सगळं. इतकी वर्षं तू लोकांना जे सांगतोस ना, ते माझं बघणं आहे."

"काहीतरीच! मी गोलच्या मागेच बसलो होतो!"

"तुझी खुर्ची होती तिथे. तू नव्हतास."

बाई गं! माझ्या मनातले कुणीतरी बोलले. मी दोरखंडात आवळलेली नसते तर उडीच मारली असती.

"खरं असेल तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ओरेस्टचा आवाज चिरकला.

"कारण तू माझ्यासाठी गेला होतास. मॅच एवढी रंगात आलेली असताना. मला ते गोलपेक्षा जास्त आवडलं होतं. म्हटलं, घेऊ दे माझा गोल, माझं काय जातंय." ती मोटारीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "पण आज जे होईल ते मी सांगणार नाही. आज बाही ओढायला येऊ नकोस."

ती गेली. ओरेस्टने गाडीच्या चाकाला एक लाथ मारली, आणि तो गेला हॉलकडे! इतके ऐकूनही हॉलकडे! काय म्हणावे या माणसाला!

हॉल गच्च भरला होता. नारिंगी-पांढऱ्या टोप्या घातलेली, पोटे सुटलेली माणसे एकमेकांना शाळेतल्या नावांनी हाका मारत होती. रोली एका टेबलापाशी बसला होता. दोन्ही गुडघे बदललेले, कानात यंत्र. ओरेस्टने मला त्याच्यापुढे ठेवले. क्लिफर्डने ग्लासावर चमचा वाजवला.

"ऐका, ऐका! आता आपला ओरेस्ट तो गोल सांगणार. खुद्द रोलीसमोर!"

ओरेस्टने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बरोबरी झाली होती," तो म्हणाला. "वेळ संपत आली होती. रोली चकती घेऊन निघाला आणि..."

तो थांबला. त्याचा हात मला घट्ट धरून होता. लोक वाट बघत होते.

"आणि?" क्लिफर्ड म्हणाला. "अरे, गुडघा! गुडघ्यावर ये!"

"मला दिसत नाहीये," ओरेस्ट हळूच म्हणाला. "नुसता व्हिनेगरचा वास येतोय."

"काय?" रोलीने कानातले यंत्र नीट केले. "मोठ्यानं बोल जरा."

"मी पाहिलाच नाही तो गोल!" ओरेस्ट इतक्या मोठ्याने बोलला की स्वयंपाकघरातल्या बायका दारात आल्या. "मी चिप्स आणायला गेलो होतो."

कुणीतरी हसले. मग सगळेच हसले. क्लिफर्ड मात्र हसला नाही. त्याचे तोंड लहान पोराच्या हातून आइस्क्रीम पडल्यासारखे झाले होते. रोली हसता हसता खोकला आणि म्हणाला, "चिप्स तरी चांगले होते का?"

"तिला आवडले होते," ओरेस्ट म्हणाला. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले. "माझी पोर खेळतेय. आत्ता. शाळेच्या रिंगणावर. गोलकीपर आहे."

"फायनल आहे आज पोरींची," दारातली एक बाई म्हणाली.

रोलीने हातातले पेन टेबलावर ठेवले. "मग इथे कशाला उभा आहेस, गाढवा? माझे गुडघे बघायला?"

"सही तरी घे रे!" क्लिफर्ड ओरडला. पण ओरेस्टने मला उचलले होते. मला कशाला उचलले, देव जाणे. तिथेच ठेवले असते तर दोन मिनिटे वाचली असती. पण सवय! मला हौद्यात टाकून, न बांधता, तो असा सुटला की वळणावळणावर माझे बिडाचे पाय पत्र्यावर आपटत होते.

शाळेचे रिंगण म्हणजे खरोखरच पत्र्याची शेड होती, आणि ती माणसांनी फुलली होती. बाकांवर तसूभर जागा नव्हती. मिर्ना गोलच्या मागे, काचेला टेकून उभी होती. दिवसभर वॉर्डात उभी राहून आलेली बाई आताही उभीच. ओरेस्ट मला छातीशी धरून गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोहोचला. तिने त्याच्याकडे बघितले, मग माझ्याकडे.

"हिला कशाला आणलंस?"

ओरेस्टने मला खाली ठेवले आणि दोरीची गाठ सोडू लागला. थंडीने बोटे आखडली होती, गाठ जुनी होती. सुटेना. त्याने खिशातला चाकू काढला आणि दोरी कापून टाकली.

"बस," तो म्हणाला.

"तू बस."

"बस गं. पाय दुखत असतील."

मिर्ना बसली. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले ते मी सांगू शकणार नाही. माणसाचे वजन, ऊब, कोटाची सळसळ. मी एकदा कुरकुरले आणि गप्प झाले.

तिसरा, म्हणजे शेवटचा भाग चालू होता. बरोबरी होती. आमच्या समोर, काचेच्या पलीकडे, लारिसा पाठमोरी उभी होती. तिने एक चकती हातमोज्यात पकडली, एक पायाने उडवली, एक छातीवर झेलून आडवी झाली. प्रत्येक वेळी ओरेस्टचा हात माझी पाठ आवळायचा. तो ओरडला नाही. डोळे पुसायलाही त्याने मान वळवली नाही. मग समोरच्या संघाची एक बुटकी मुलगी गर्दीतून वाकून आली, तिने काठी उचलल्यासारखे केले आणि न मारता चकती हलकेच सरकवली. लारिसा खाली बसेपर्यंत ती तिच्या पायाखालून आत गेली होती.

सामना त्या एका गोलाने गेला. पलीकडच्या पोरी नाचू लागल्या. लारिसा गुडघ्यांवर बसून राहिली.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. डोळे सुजलेले, केस कपाळाला चिकटलेले. बापाला बघून ती थबकली.

"तू कधी आलास?"

"तिसऱ्या भागात."

"मग तो गोल..."

"पाहिला."

"कसा गेला?" तिने असे विचारले, जणू त्याची परीक्षाच घेत होती.

"डाव्या पायाखालून. तिनं मारल्यासारखं केलं आणि तू क्षणभर आधी उजवीकडे कललीस. क्षणभरच. बाकी कोणी असतं तर आधीचे तीन गेले असते."

लारिसा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने सगळ्या बोजड सामानासकट त्याच्या अंगावर अंग टाकले. "हो टाटो," ती रडत म्हणाली, "तिथूनच गेला."

त्यांच्या गाडीत तिचे सामान भरले गेले, तिच्या दोन मैत्रिणी भरल्या गेल्या, आणि घरी बटाटा भरलेल्या पिरोही उकडायला ठेवायच्या घाईत सगळे निघून गेले. माझी आठवण कुणालाच राहिली नाही. जपून ठेवलेली असताना मी कधी एवढी सुखी नव्हते, जेवढी त्या विसरण्यात झाले. ओरेस्ट दुसऱ्या दिवशी मला न्यायला आला, तेव्हा माझ्यावर एक गरोदर शिक्षिका बसून लहान मुलांचा सराव बघत होती. तो थोडा वेळ उभा राहिला, डोके खाजवले आणि परत गेला.

तेव्हापासून मी इथेच आहे. माझा रंग उडाला आहे, एक हात सैल झाला आहे. लारिसा शिकायला दूर गेली. ओरेस्ट मात्र येतो, लोकांना धरून धरून तिने अडवलेल्या चकत्यांची वर्णने ऐकवतो आणि सुस्कारा टाकून म्हणतो, "खरे दिवस ते लारिसाच्या हायस्कूलचे!" ऐका आता! या माणसापुढे मी हात टेकले. एवढेच समाधान, की यातले काही तरी त्याने स्वतः पाहिले आहे.

तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. सैल झालेला स्क्रू पिळा, गंज पुसा, पाय मोडला तर जोडून घ्या. पण आम्हाला दोरी बांधू नका. आणि घरातले कुणी "येशील का?" असे विचारत असेल, तर माझ्यासारख्या खुर्च्यांना पुसत बसू नका. जा. बसायला जागा नसेल तर उभे राहा.

आता पुरे. समोर सामना सुरू झाला आहे आणि एक आजोबा कधीचे उभे आहेत. मला कामाला लागू द्या.